जांघेत आणि स्तनांखाली परत परत येणारी खाज: एकच ट्यूब दोघांना कशी चालेल?

चांदणवेल

घरातल्या दोन माणसांसाठी विचारते आहे. दोघांनाही घड्यांच्या जागी खाज आहे, पण दिसायला सारखी नाही.

भाऊ, वय ३४, वजन ८८ किलो, दिवसभर दुचाकीवर. जूनपासून दोन्ही जांघांत गोलसर चट्टे. कड उठलेली, लाल, बारीक खपल्यांची. मधला भाग काळपट आणि सपाट. आता कमरेवरही, पट्टा बसतो तिथे. रात्री खाज जास्त.

आई, वय ६१, दहा वर्षं मधुमेह. दोन्ही स्तनांखाली आणि पोटाच्या वळीत लालभडक, ओलसर. खाजेपेक्षा आग जास्त. मोठ्या लाल भागाच्या बाहेर, थोडं अंतर सोडून, बारीक पुटकुळ्या.

दोघंही मेडिकलमधून आणलेली एकच ट्यूब लावतात. तिच्यावर चार नावं आहेत: क्लोबेटासोल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. लावली की दोन दिवसांत खाज जाते आणि आठवड्यात चट्टा फिका पडतो. बंद केली की १०-१५ दिवसांत परत, आणि आधीपेक्षा मोठा. भावाच्या जांघेत आता जांभळट वळ दिसतात. आईला लावल्यावर आधी गार वाटतं, मग चुरचुरतं.

दोघांचा रोग एकच आहे का? ट्यूब बंद करून काय लावायचं, किती आणि किती दिवस? पावडरने फायदा होतो का? आणि पावसात चार-चार दिवस न वाळणाऱ्या कपड्यांचं काय करायचं?

---

ओपीडी_नंबर_सात

न बघता शिक्का मारता येणार नाही, पण वर्णनावरून हे दोन वेगळे रोग वाटतात. ट्यूब मात्र दोघांनाही चुकीची आहे.

भावाचं वर्णन गजकर्णाचं आहे. काही भागांत नायटा किंवा दाद म्हणतात तेच. ही बुरशी त्वचेच्या वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन खाते आणि एका बिंदूपासून बाहेरच्या दिशेने पसरत जाते. म्हणून कड जिवंत आणि मधला भाग शांत दिसतो. जांघेतल्या गजकर्णात अंडकोषाची कातडी बहुतेक वेळा सुटते. ही खूण लक्षात ठेवा.

आईचं वर्णन कँडिडाचं आहे. घडीत कातडीवर कातडी घासते, घाम साचतो, कातडी पाण्यात भिजलेल्या बोटांसारखी पांढरट आणि मऊ होते, आणि मग त्या कच्च्या जागी ही यीस्ट वाढते. मुख्य लाल पट्ट्याबाहेर विखुरलेल्या बारीक पुटकुळ्या ही तिची खूण. पुरुषाला हीच जांघेत झाली तर अंडकोषही लाल होतो. मधुमेहात साखर जास्त राहिली की हिचं फावतं. आईचं एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) तीन महिन्यांत झालं नसेल तर आधी ते करून घ्या. साखर २५० च्या घरात असताना कुठलंही मलम टिकाव धरणार नाही.

घडीतल्या प्रत्येक चट्ट्याला बुरशी म्हणू नका. काखेत किंवा जांघेत एकसारखा तांबूस-तपकिरी, बारीक सुरकुतलेला, जवळजवळ न खाजणारा डाग असेल तर तो एरिथ्रास्मा, म्हणजे जिवाणूंचा. त्वचातज्ज्ञाकडच्या वूड्स दिव्याखाली (अतिनील प्रकाशाचा दिवा) तो पोवळ्यासारखा लाल चमकतो आणि औषध वेगळं लागतं. काचेसारखा गुळगुळीत, रेघ ओढल्यासारख्या कडेचा लाल चट्टा, खपल्या नाहीत, जोडीला डोक्यात जाड कोंडा किंवा नखांवर टोचल्यासारखे खड्डे, तर सोरायसिसची शंका घ्यावी. घरात तीन-चार जण एकदम रात्री खाजवत असतील आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, लिंगावर पुळ्या असतील तर ती खरूज. काखेत-जांघेत परत परत पिकणाऱ्या दुखऱ्या गाठी म्हणजे काखमांजरीचा प्रकार. त्यावर बुरशीचं मलम चोळून वेळ जातो, बाकी काही होत नाही.

आता ट्यूबबद्दल. क्लोबेटासोल हे त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांतलं सगळ्यात जहाल गटातलं आहे. खाज आणि लाली ही बुरशीची नव्हे, बुरशीशी झगडणाऱ्या आपल्या शरीराची खूण असते. स्टेरॉइड तो झगडाच थांबवतं, म्हणून दोन दिवसांत आराम पडतो. बुरशीला मोकळं रान मिळतं. ट्यूब थांबली की शरीर पुन्हा जागं होतं आणि तोवर पसरलेल्या सगळ्या बुरशीवर एकदम तुटून पडतं. म्हणून "आधीपेक्षा मोठा". वर्तुळात वर्तुळ दिसू लागलं तर ते गजकर्णावर स्टेरॉइड पडल्याचं जवळजवळ प्रमाणपत्रच समजा.

घडीत हे आणखी वाईट. तिथली कातडी पातळ, त्यात झाकलेली आणि ओली, त्यामुळे औषध जास्त मुरतं. अंडकोषाची कातडी हायड्रोकॉर्टिसोन हाताच्या पुढल्या भागापेक्षा सुमारे ४० पट जास्त शोषते. भावाचे जांभळट वळ म्हणजे आतले तंतू तुटल्याच्या खुणा. रंग पुढे पांढुरका होईल, वळ जाणार नाहीत. निदान नवे पडू देऊ नका.

ट्यूब आजच बंद करा. पहिला आठवडा, कधी दोन, खाज उसळेल. ती उसळी अपेक्षित आहे. "नवं औषध बाधलं" म्हणून लोक नेमके इथेच जुन्या ट्यूबकडे परत जातात. रात्री सेट्रिझिन किंवा लेव्होसेट्रिझिनची गोळी आणि दिवसा थंड पाण्याची ओली पट्टी, एवढ्यावर ते दिवस निघतात.

भावाला दोन्ही जांघा आणि कमर, शिवाय स्टेरॉइड लावून झालेलं. एवढ्याला नुसतं मलम सहसा पुरत नाही, पोटातून गोळ्या लागतात. त्या त्वचातज्ज्ञाकडूनच घ्या. जाल तेव्हा केओएच तपासणीबद्दल विचारा. चट्ट्याच्या मधून नव्हे, कडेवरून बोथट पात्याने खपल्या खरवडतात, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि १०-२० मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. गजकर्णात फांद्या फुटलेले, पेरं असलेले धागे दिसतात. कँडिडात अंकुर फुटलेल्या गोल पेशी. स्वस्त, तासाभरात होणारी तपासणी आहे आणि पुढचे दोन महिने वाचवते.

---

काउंटरच्या_आतून

वरच्या प्रतिसादात ट्यूब वाचायची कशी एवढंच राहिलं, ते सांगतो.

नाव नको, मागची बारीक अक्षरं बघा. "-सोन", "-लोन", "-सोल" असा शेवट असेल तर बहुधा स्टेरॉइड: बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, क्लोबेटासोल. शेवटी "-झोल" असेल तर बुरशीचं: क्लोट्रायमॅझोल, मायकोनॅझोल, किटोकोनॅझोल, लुलिकोनॅझोल. इथे झोल असलेला चांगला! सगळ्यात जास्त घोळ क्लोबेटासोल आणि क्लोट्रायमॅझोलमध्ये होतो. दोन्ही "क्लो"ने सुरू, आणि गिऱ्हाईक "ते क्लो वालं द्या" म्हणतं. पहिलं स्टेरॉइड, दुसरं बुरशीचं औषध.

२०१८ साली केंद्राने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडं अनुसूची 'एच'मध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी मागितली की मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मागू नका.

दुसरी चूक प्रमाणाची. १० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवणारे लोक आहेत आणि मग औषध लागू पडत नाही म्हणतात. हिशेब असा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढा. ती साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या कातडीला एवढं पुरतं. भावाच्या प्रत्येक जांघेत दोन तळवे आणि कमरेवर दोन धरले तर झाले सहा तळवे, म्हणजे तीन रेघा, दीड ग्रॅम. दिवसातून दोनदा तर ३ ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपली पाहिजे. वीस दिवस पुरली तर अर्धंच लागतंय.

गजकर्णाला दोनचा नियम: दिवसातून दोनदा, दिसणाऱ्या कडेच्या बाहेर २ सेंटिमीटरपर्यंत, आणि चट्टा पूर्ण गेल्यावर आणखी २ आठवडे. लावायला बाहेरून सुरुवात करून आत या. उलट केलं तर बोटाला लागलेली बुरशी चांगल्या कातडीवर नेऊन ठेवता. लुलिकोनॅझोल मात्र दिवसातून एकदाच लावायचं असतं, तिथे "दोनदा" धरू नका.

घडीत तेलकट मलम नको, क्रीम घ्या. मलम वाफ अडवतं. जेलमध्ये बहुधा अल्कोहोल असतं, खाजवून सोललेल्या जागी ते झोंबतं.

पावडर: चट्टा असताना नको. क्रीमवर थापलेली पावडर घामात भिजते, तिचे गोळे होतात आणि तेच गोळे घडीत सँडपेपरचं काम करतात. चट्टा जाऊन दोन आठवडे झाले की सकाळी कोरड्या अंगावर क्लोट्रायमॅझोलची पावडर हलक्या हाताने भुरभुरायला हरकत नाही. गार वाटणाऱ्या घामोळ्यांच्या पावडरी आणि दाद-खाजेची जुनी मलमं यांत सॅलिसिलिक आम्ल, कापूर, मेंथॉल असतं. पाठीवर चालेल, जांघेत भाजेल.

---

तिरफळ

@काउंटरच्या_आतून, युक्ती लक्षात राहण्यासारखी आहे, पण ऑर्निडाझोल आणि मेट्रोनिडाझोलही झोलवालेच, आणि बुरशीवर त्यांचा काही उपयोग नाही. चांदणवेल यांच्याच ट्यूबवर ऑर्निडाझोल आहे. म्हणजे चारपैकी एकच, टर्बिनाफिन, बुरशीचं. तेही कँडिडावर कमजोर. आईला या ट्यूबमधून स्टेरॉइड सोडून हाती काही लागत नव्हतं असाच अर्थ होतो.

---

काउंटरच्या_आतून

मान्य. मग असं लक्षात ठेवा: "-कोनॅझोल" आणि "-ट्रायमॅझोल". "-निडाझोल" वेगळ्या घरातलं.

---

घरची_शुश्रूषा

आईबद्दल लिहिते. कँडिडाच्या घडीत औषध दुय्यम आहे, कोरडेपणा मुख्य. नुसतं क्रीम लावून ओली घडी पुन्हा मिटली तर क्रीम, घाम आणि मेलेली कातडी यांचा चिखल होतो.

आत्ता ओलसर आहे आणि लस येते आहे तर पहिले तीन-चार दिवस पोटॅशियम परमँगनेटच्या पट्ट्या. विहिरीत टाकतात तेच, पण प्रमाण १० हजारात एक: ४०० मिलिग्रॅमची गोळी मिळाली तर ४ लिटर पाण्यात एक. खडे असतील तर आधी वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवा. न विरघळलेला एक खडा कातडीवर बसला तर भाजून काळा डाग पडतो. ते पाणी बादलीत थोडं थोडं ओतत रंग बघा. फिकट गुलाबी हवा. जांभळा दिसला तर पाणी वाढवा. जुन्या सुती साडीचा चौपदरी तुकडा त्यात बुडवून, ठिबकणार नाही इतका पिळून, १० ते १५ मिनिटं घडीत ठेवायचा. दिवसातून दोनदा, दर वेळी ताजं पाणी. लस थांबली की पट्ट्याही थांबवायच्या, नाहीतर कातडी जास्तच सुकून तडकते. नखं आणि प्लास्टिकची बादली तपकिरी होतात, ते आईला आधीच सांगून ठेवा. पुडी मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

त्यानंतर रोजचा क्रम. कोमट पाणी, साबण दिवसातून एकदाच आणि साधा. वज्री, काथ्या, स्क्रबर काही नको. पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतायची सवय असेल तर ती बंद करा, कच्च्या कातडीवर त्यानेच चुरचुर वाढते. पुसायचं नाही, टिपायचं. मग आईला पाठीवर आडवं व्हायला सांगा, हात डोक्यामागे, स्तन बाजूला झाले की घडी उघडी पडते. पंख्याखाली १० मिनिटं. केस वाळवायचं यंत्र असेल तर थंड हवेवर, वीतभर अंतरावरून. मधुमेहात संवेदना कमी झालेली असू शकते, गरम हवा भाजली तरी कळत नाही. पूर्ण कोरडं झाल्यावर क्लोट्रायमॅझोल १ टक्का क्रीम, पातळ थर, सकाळ-संध्याकाळ. पांढरं दिसेपर्यंत लावलंत तर जास्त झालं. आठवड्यात फरक दिसायला हवा. लाली गेली तरी पुढे आठवडाभर चालू ठेवा.

क्रीम मुरलं की घडीत सुती मलमलचा दुपदरी तुकडा, दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर येईल असा. बाहेर आलेलं टोक ओल ओढून घेतं. आत पूर्ण दडवलेला तुकडा नुसता भिजून बसतो. दिवसातून तीनदा बदला. ब्रा सुती, रुंद पट्ट्याची, तारेशिवाय, रोज धुतलेली; रात्री काढून ठेवायची. परकराची नाडी पोटाच्या वळीतच करकचून बसत असेल तर रुंद पट्टा शिवून घ्या आणि बांधायची जागा रोज थोडी वर-खाली करा.

बरं झाल्यावर घासण्याच्या जागी झिंक ऑक्साइडचा पातळ थर. लहान मुलांच्या लंगोटाच्या जागी लावतात तेच. चट्टा असताना मात्र ते नको, खाली बुरशी झाकली जाते.

आणि एक विचारते: आईची साखरेची गोळी अलीकडे बदलली आहे का? नावात "-ग्लिफ्लोझिन" आहे का? डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यामुळे लघवीच्या जागी कँडिडाचा त्रास वाढतो. स्तनांखालचं त्याने होतं असं नाही, पण खालीही खाज असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. प्रत्येक वेळी लघवीनंतर धुवून टिपून कोरडं करणं एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

---

चांदणवेल

हो, मार्चपासून डॅपाग्लिफ्लोझिन सुरू आहे आणि खालीही खाज आहे. लाजेने सांगितलं नव्हतं, आत्ता विचारल्यावर बोलली. कोलेस्टेरॉलसाठी अॅटोर्व्हास्टॅटिनही घेते.

भावाच्या कमरेला करगोटा आहे, काळा, सुती. आई काढू देत नाही. त्याचा काही संबंध?

---

दोरीवरचे_कपडे

करगोट्याचा थेट संबंध आहे. तो कधीच पूर्ण वाळत नाही. अंघोळीला भिजतो, घामाने भिजतो, साबण त्याच्या पिळात अडकतो आणि गजकर्णाच्या खपल्याही. कमरेवरचा चट्टा जिथून सुरू झाला ती जागा आणि करगोट्याची रेघ जुळते का बघा. तावीज, कमरेची साखळी, रात्रंदिवस तोच पट्टा, सगळ्यांना हेच लागू. आईचा आग्रह असेल तर उपचार संपेपर्यंत देवघरात काढून ठेवा आणि नंतर नवा बांधा. जुनाच परत बांधला तर केलेलं वाया.

कपडे. थंड पाण्याने मशीनमध्ये धुतलेल्या कपड्यांत बुरशी जिवंत राहते. इतकंच नाही, त्याच फेरीतल्या दुसऱ्याच्या स्वच्छ कपड्यांवर जाते. ६० अंशांच्या पाण्यात ती मरते. मशीनला ती सोय असेल तर तीच वापरा. नसेल तर बादलीत दोन भाग उकळतं आणि एक भाग नळाचं पाणी. हे सुरुवातीला सत्तरच्या वर असतं आणि कपडे पडले की साठीकडे येतं. झाकण ठेवून अर्धा तास. हात घालू नका, काठीने ढवळा. निम्मं-निम्मं मिसळलं तर बादली आणि कपडे मिळून ते लगेच पन्नाशीत आणतात, तेवढ्याने भागत नाही. नायलॉन, स्पॅन्डेक्स अशा उकळत्यात टिकत नाहीत. उपचार चालू असेपर्यंत आतले कपडे सुतीच ठेवणं सोपं पडतं.

पावसात वाळण्याचा प्रश्न तसा इस्त्रीने सुटतो. दोरीवर पिळाचं पाणी निथळू द्या, पंख्याखाली दमट होईपर्यंत ठेवा, मग उलटा करून इस्त्री. शिवणी, इलॅस्टिकचा पट्टा आणि मध्यभागाचा दुपदरी तुकडा यांवरून सावकाश फिरवा. बाकी कापड वाळलेलं असतं तेव्हाही या तीन जागा ओल्याच असतात आणि त्याच नेमक्या जांघेला लागतात. आतल्या कपड्यांचे आठ-दहा जोड लागतील. दुचाकीवर भिजणाऱ्या माणसाला दुपारी बदलायला एक जोड पिशवीत हवाच. रेनकोटची पँट चढवली की पाऊस बाहेर राहतो आणि घाम आत, त्यामुळे पोचल्यावर ती लगेच उतरवायची, कामावर तशीच घालून बसायचं नाही.

टॉवेल, पंचा प्रत्येकाचा वेगळा. आजारी जागेला वेगळा लहान कपडा, तो शेवटी. अंगभर पुसून झाल्यावर जांघ पुसा, उलटं नको.

पायाच्या बेचक्या बघायला विसरू नका. तिथे पांढरी भिजकी कातडी, चिरा, वास असेल, ज्याला आपण चिखल्या म्हणतो, तर जांघेत बुरशी तिथूनही येत असेल. चड्डी पायातून वर चढवताना बेचकीला घासून येते. म्हणून आधी मोजे, मग चड्डी. ऐकायला हास्यास्पद आहे, पण जांघेत परत परत होणाऱ्यांत हा उपाय खरोखर कामाचा आहे. आणि पायावरही तेच औषध तितकेच दिवस. पायाचं एखादं नख जाड, पिवळट, भुसभुशीत असेल तर डॉक्टरांना दाखवा. नखातली बुरशी मलमाने जात नाही आणि ती सगळ्यांना पुरून उरते.

---

रानातली_भाजी

कोणीतरी टाकळ्याचा उल्लेख करेल म्हणून वाट पाहत होतो. आपल्याकडे पावसाळ्यात भाजी करतात तो टाकळा, संस्कृतात चक्रमर्द. गजकर्णाची चकती मोडणारा असा त्याचा अर्थ. नावातच औषध आहे, खोटं नाही. पण पानांचा किंवा बियांचा लेप लिंबाच्या रसात वाटून जांघेत बांधायचा, हे करू नका. यातली द्रव्यं त्वचेला चावणारी आहेत, त्यात लिंबाचं आम्ल, त्यात झाकलेली घडी. फोड येतात, मग गजकर्ण आणि भाजलेली कातडी दोन्ही निस्तरावी लागतात. लसूण ठेचून लावणाऱ्यांचंही तेच होतं.

याच जातीचं एक जुनं उदाहरण गोव्याच्या नावाने प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात "गोवा पावडर" म्हणून एक पिवळट भुकटी गजकर्णावर वापरत. मूळ गोव्याचं नव्हेच, ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातून निघणारी, पोर्तुगीजांच्या वाटेने इथे आलेली. गजकर्णावर चालायची, पण कातडी जळायची आणि कपड्यांवर न जाणारे डाग पडायचे. पुढे तिच्यावरूनच सोरायसिसचं डिथ्रॅनॉल निघालं. तेही घडीत लावत नाहीत.

टाकळ्याची भाजी खुशाल खा.

---

ओपीडी_नंबर_सात

गोळ्यांबद्दल थोडं, कारण इथेही अर्धवट उपचार फार होतात.

आपल्याकडे गेल्या दहा-बारा वर्षांत गजकर्णाची बुरशीच बदलली आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिला *ट्रायकोफायटन इंडोटिनिआय* हे स्वतंत्र नाव दिलं. हिच्या बऱ्याच नमुन्यांत टर्बिनाफिन ज्या एन्झाइमवर काम करतं त्याचंच जनुक बदललेलं असतं, त्यामुळे ते औषध लागू पडत नाही. ही अंगभर पसरते, घरात एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि दोन आठवड्यांच्या जुन्या मात्रेला भीक घालत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिची नोंद झाली. परदेशी असलेल्या कोणाला इथून परतल्यावर असा चट्टा आला आणि तिथल्या डॉक्टरांनी टर्बिनाफिन देऊन फरक पडला नाही, तर "भारतात जाऊन आलो" आणि "स्टेरॉइडची ट्यूब लावली होती" ही दोन वाक्यं सांगायलाच हवीत. त्यांच्या सवयीतलं गजकर्ण पुष्कळ सौम्य असतं.

म्हणून भावाला बहुधा इट्राकोनॅझोल मिळेल, साधारण दिवसाला २०० मिलिग्रॅम, चार ते आठ आठवडे, कधी जास्त. कॅप्सूल भरल्या पोटी, जेवणानंतर लगेच. पोटातलं आम्ल असेल तरच ती नीट शोषली जाते. सकाळी ओमेप्राझोल, पँटोप्राझोल किंवा वर ॲसिडिटीचं गुलाबी औषध घेतलं तर निम्मी मेहनत पाण्यात जाते, ते डॉक्टरांना आधी सांगा. खाज गेली म्हणून तिसऱ्या आठवड्यात थांबवणं ही सर्वात जास्त दिसणारी चूक. कड हाताला सपाट लागेपर्यंत आणि खपली पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नाही. यकृताची रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करायची.

भावाच्या गोळ्या उरल्या म्हणून आईला द्यायच्या नाहीत. ॲटोर्व्हास्टॅटिनबरोबर इट्राकोनॅझोल घेतल्यास ॲटोर्व्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढून स्नायूंना इजा होऊ शकते. हृदय कमजोर असलेल्यांना आणि गरोदर बाईला तर इट्राकोनॅझोल देतच नाहीत. आईला स्तनांखालचं आणि खालचं मिळून सहसा लावायच्या औषधावर भागतं. खालच्या त्रासासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मधुमेहाचे डॉक्टर बघतील, तेव्हा डॅपाग्लिफ्लोझिनचं नाव सांगा.

जांघेतले केस वस्तऱ्याने काढू नका, बारीक चिरांतून बुरशी खोल जाते. कात्रीने कापा. घरात आणखी कोणाला चट्टा असेल तर सगळ्यांचे उपचार एकाच वेळी सुरू करायचे.

थांबायचं नाही अशा खुणा: चट्टा झपाट्याने पसरून गरम आणि दुखरा झाला, ताप आला, पू किंवा घाण वास आला, कातडी काळी पडली. मधुमेही माणसाला यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.

---

चांदणवेल

ट्यूब कालपासून बंद. करगोटा देवघरात गेला, थोडी कुरकुर झाली. भावाची त्वचातज्ज्ञाकडची वेळ येत्या शनिवारची आहे. तोवर क्लोट्रायमॅझोल सुरू करू का?

---

ओपीडी_नंबर_सात

आईला सुरू करा. भावाला शनिवारपर्यंत काहीच लावू नका. मलम चालू असताना खरवडलेल्या खपलीत बुरशी असूनही सापडत नाही. आठवडाभर बंद असलेली बरी. जमलं तर वेळ दोन-तीन दिवस पुढे ढकला. तोवर थंड पट्ट्या, रात्रीची गोळी आणि इस्त्री केलेल्या चड्ड्या. शनिवारी जाताना रिकामी ट्यूब बरोबर न्या. "एक पिवळी ट्यूब होती" यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही.